बॅगेतून की बिलातून

मालवणात पाण्याखालचं चित्रण आता रोजच्या धंद्याचा भाग झालंय. सकाळी पर्यटक पाण्यात उतरतो आणि संध्याकाळच्या आत माशांच्या घोळक्यातला त्याचा व्हिडिओ त्याच्या मोबाइलवर जातो. ते काम डायव्हिंगवाल्यांची पोरं करतात आणि झकास करतात. माझं काम वेगळं. मुंबईचे माहितीपटवाले इथली रापण, किल्ला, खडपांवरचं प्रवाळ चित्रित करतात किंवा माझ्याकडून करून घेतात, आणि त्याचं संकलन मी मालवणच्या मेढ्यातल्या घरी माडीवर बसून करतो. जून ते ऑगस्ट पाणी बंद. बाहेर पाऊस, आत हार्डडिस्कांची चळत. वर्षभर साठलेलं काम या तीन महिन्यांत निघतं.

२०२३च्या पावसाळ्यात नेमका लॅपटॉप गेला. समुद्रापासून इतक्या जवळ तो जायचाच. इथे बिजागरीचे स्क्रू पहिल्या वर्षातच तांबूस होतात, यूएसबीच्या तोंडाशी पांढरी पूड धरते. कुडाळच्या दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण काढून बोर्ड माझ्यासमोर धरला. पंख्यातून हवा जिथे आत येते, तिथल्या बारक्या जोडांवर हिरवा थर चढला होता. त्याने ब्रश फिरवला, थर निघाला, आणि थराखालचा जोडही निघाला. ‘तुमच्या मालवणची हवा,’ एवढंच तो म्हणाला. कुडाळ समुद्रापासून आत आहे, त्यामुळे तिथल्या माणसांना असं बोलायला जमतं.

मला हवा होता तो नमुना इथे विकायलाच येत नव्हता. पडदा रंगांना खरा हवा, मेमरी चौसष्ट जीबी, आणि मुख्य म्हणजे स्क्रू काढून आत साफ करता येईल, सुटे भाग बदलता येतील असा. भारतात त्याच वर्गातले जे मिळत होते त्यांत मेमरी बोर्डावरच डाग दिलेली. जर्मनीतली एक लहान कंपनी हवं तसं जुळवून द्यायची. किंमत २,३८० युरो. आणि पत्ता भारतातला टाकला की तीच किंमत २,००० युरो व्हायची, कारण तिथला १९ टक्के व्हॅट निर्यातीला लागत नाही. ही सवलत नाही. वस्तू जिथे वापरली जाणार तिथल्या सरकारने कर घ्यायचा, असा हा व्यवहार आहे. तिथले १९ सुटले म्हणजे इथले कुणीतरी मागणार, हे तेव्हाच समजून घ्यायचं.

घरात ही गोष्ट निघाली आणि दुबईहून दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा चुलत भाऊ. ‘अरे, टॅक्स कित्याक भरतंस? मी गणपतीक येतंय मां. पैसे पाठव, हयसरच घेतंय आणि बॅगेतसून घेवन येतंय.’ कोकणातल्या प्रत्येक घरात असा एक दादा असतो. दुबई, मस्कत, दोहा, बहारीन. ऐंशीच्या दशकात तो टू-इन-वन आणायचा, मग व्हीसीआर, मग मोबाइल. माझा नमुना दुबईत मिळत नव्हता, पण तो कंपनीकडून दुबईच्या पत्त्यावर मागवणं अवघड नव्हतं. तिथला व्हॅट फक्त ५ टक्के.

दादाचं म्हणणं चुकीचं नव्हतं. अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला सामानातून एक लॅपटॉप विनाशुल्क आणता येतो. हा नियम २००४चा आणि २०२३मध्ये असलेल्या पन्नास हजारांच्या सर्वसाधारण सवलतीहून वेगळा. म्हणजे लॅपटॉप कितीही महाग असो, एक असेल तर माफ. सवलतीच्या पलीकडच्या इतर सामानावर मात्र तेव्हा मूळ ३५ टक्के आणि त्यावर समाजकल्याण अधिभार धरून ३८.५ टक्के पडत. दादाकडे कंपनीच्या कामाचा स्वतःचा लॅपटॉप होताच. मग दुसरा कुणाचा? यावरही तोडगा निघाला. वहिनी येणार होती, तिच्या नावावर एक. सवलती दोघांच्या एकत्र करून एकाच वस्तूला लावता येत नाहीत, पण माणशी एक लॅपटॉप हे तर स्वतंत्रच. दादाने हे सगळं आधीच चौकशी करून ठेवलं होतं. आखातातल्या आपल्या माणसांचा बॅगेज रूल्सचा अभ्यास भल्याभल्या वकिलांना हार जाणार नाही.

एवढ्यात अमेरिकेतला भाचा मध्ये पडला. त्याच्याकडे वर्षभर वापरलेला चांगला लॅपटॉप पडून होता, तो ‘गिफ्ट’ लिहून कुरिअरने पाठवतो म्हणाला. त्याला मीच थांबवलं. डिसेंबर २०१९पासून टपालाने किंवा कुरिअरने भेट म्हणून आलेली वस्तू करमाफ सोडवून घेता येत नाही. अपवाद दोनच: जीवरक्षक औषधं आणि राखी. राखी म्हणजे फक्त राखी, सोबतचा ड्रायफ्रूटचा डबा नव्हे, हेही सरकारने लिहून ठेवलंय. पूर्ण कर भरला तर भेट येऊ शकते, पण भाच्याच्या बाबतीत घोडं त्याच्याही आधी अडतं. वापरलेला संगणक आयात करायला परवाना लागतो. तोच लॅपटॉप भाचा स्वतः घेऊन विमानातून उतरला तर कुणी हरकत घेणार नाही.

या वाटा मी एकेक तपासत होतो, तोच ३ ऑगस्टला बातमी आली. परकीय व्यापार महासंचालनालयाने लॅपटॉप, टॅबलेट, छोटे संगणक, सर्व्हर हे सगळं एका अधिसूचनेने ‘प्रतिबंधित’ वर्गात टाकलं. परवान्याशिवाय आयात नाही, आणि तेही तत्काळ. टीव्हीवर लॅपटॉपबंदीच्या चर्चा सुरू झाल्या. दादाचा फोन आला तो असा: ‘बघ, सांगलेलंय मां?’ मी अधिसूचनाच काढून वाचली. आपल्याकडे लोक बातमी वाचतात, कागद वाचत नाहीत. कागदात स्पष्ट होतं की सामानातून येणाऱ्याला हे लागू नाही, आणि टपालाने किंवा कुरिअरने येणारा एक लॅपटॉपही परवान्यातून मोकळा, लागू असेल तो कर भरून. दुसऱ्या दिवशी सगळंच १ नोव्हेंबरपर्यंत पुढे ढकललं गेलं आणि ऑक्टोबरात त्याची जागा ऑनलाइन नोंदणीच्या पद्धतीने घेतली. मला एकच नग हवा होता. माझ्यासाठी काहीच बदललं नव्हतं.

तरी त्या आठवड्यात मी बराच विचार केला, कारण त्या निर्णयामागची गंमत आमच्या भागाला जुनी ओळखीची आहे. सरकारला इथली लॅपटॉपनिर्मिती वाढवायची होती. त्याच वर्षी मे महिन्यात त्यासाठी सतरा हजार कोटींची प्रोत्साहन योजना मंजूर झाली होती. साधा उपाय म्हणजे आयातीवर जकात बसवणं. पण भारत १९९७मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि २००५पर्यंत संगणकांवरचं मूळ सीमाशुल्क शून्यावर आलं. जकातीचा हात असा बांधलेला, म्हणून परवान्याचा हात पुढे केला.

जकातीचा हात मोकळा होता तेव्हा काय व्हायचं, ते इथल्याच एका पत्रात आहे. १६७१मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळचा सरसुभेदार नरहरी आनंदराव याला लिहिलेलं. बारदेशचं मीठ, म्हणजे तेरेखोलच्या पलीकडचं पोर्तुगीज मुलखातलं, संगमेश्वरच्या मिठापेक्षा स्वस्त पडत होतं. व्यापारी सगळे तिकडे वळू लागले. तेव्हा बारदेशच्या मिठावर अशी जबर जकात बसवायची की ते इकडच्यापेक्षा महाग पडावं, असा हुकूम. आमच्या जिल्ह्यातला हा आयातकराचा स्वच्छ नमुना. इथलं पिकवणारं माणूस जगवायचं म्हणून बाहेरचं महाग करायचं. आणि १९३०ला याच जिल्ह्यात, शिरोड्याच्या मिठागरांवर, लोक मिठावरच्या करापायी तुरुंगात गेले. तो कर इंग्रजांच्या तिजोरीसाठी होता, मिठागरवाल्यासाठी नव्हता. कुठला कर कुणाला जगवतो, हे त्या कराच्या नावावरून कळत नाही.

माझ्या लॅपटॉपच्या बाबतीत संगमेश्वरचं मीठ कुठे होतं? माझ्या कामाचा नमुना इथे बनत असता तर मी जर्मनीकडे पाहिलंच नसतं. त्या जर्मन कंपनीच्या यंत्रातलेही बहुतेक भाग पूर्वेकडूनच आलेले. तेव्हा परवान्याच्या बाजूने माझं मन झालं नाही. पण नुसता कर मात्र मला गैर वाटला नाही. मुंबईत घेतला असता तर १८ टक्के जीएसटी भरलाच असता.

कुडाळच्या आमच्या सीएंकडे गेलो तेव्हा पाऊस असा की त्यांच्या ऑफिसात दिवसा दिवे लावलेले. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, ‘तुमच्याकडे जीएसटी नंबर आहे ना?’ होता. मुंबईचे निर्मितीवाले बिल मागतात म्हणून मी उलाढालीची मर्यादा गाठायच्या आधीच नोंदणी केली होती. ‘मग वहिनींच्या पर्सीतून येणाऱ्या वस्तूचं बिल कुणाच्या नावावर?’ दादाच्या. ‘घसारा कशावर लावणार? क्रेडिट कशाचं घेणार? उद्या चोरीला गेला, विमा कुणाचा?’ तिसऱ्या प्रश्नाला त्यांनीच उत्तर दिलं, ‘कागद नाय तर काय नाय.’

मग त्यांनी कागदावर आकडे मांडले. यात मला पहिल्यांदाच कळलेली गोष्ट अशी की एकच यंत्र, एकाच विमानातून, सीमाशुल्काच्या यादीतल्या दोन वेगळ्या मथळ्यांखाली देशात येऊ शकतं. मी ‘वैयक्तिक वापरासाठी’ म्हटलं, तर कुरिअरवाला ते सर्रास ९८०४ या मथळ्यात टाकणार. त्या मथळ्याला वस्तू काय आहे याच्याशी फारसं घेणंदेणं नाही. साडी असो, बूट असोत, लॅपटॉप असो, टपालाने किंवा विमानाने खासगी वापरासाठी आली की तिथे. तिथे मूळ सीमाशुल्क, त्यावर अधिभार, आणि या सगळ्यावर तेव्हा २८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. एकूण बोजा १८च्या दुपटीहून वर. आणि त्याचं क्रेडिट शून्य. उलट व्यवसायाच्या नावाने, आयात-निर्यात कोड घेऊन, लॅपटॉपच्या स्वतःच्या ८४७१ या मथळ्यात आणला तर मूळ शुल्क शून्य, त्यामुळे त्यावरचा अधिभारही शून्य, फक्त १८ टक्के आयजीएसटी. आणि तो परत जमा होणार. धंदेवाल्याला कमी आणि घरच्या माणसाला जास्त, हे मला आजही पटत नाही. मथळे करणाऱ्याच्या डोळ्यासमोर घरगुती माणूस म्हणजे चैनीची वस्तू मागवणारा असाच असावा.

हिशेब साधा होता. युरो तेव्हा नव्वदीच्या पुढे होता, ९२ धरला. दोन हजार युरोचे १,८४,०००. वाहतूक साठ युरो, म्हणजे ५,५२०. कर नुसत्या किमतीवर बसत नाही, देशाच्या दारापर्यंत आणायच्या खर्चासकट बसतो. विम्याचा आकडा नसेल तर किमतीच्या १.१२५ टक्के धरतात, ते २,०७०. बेरीज १,९१,५९०. त्याचे अठरा टक्के ३४,४८६. युरोचा भावही बँकेचा नाही, सीमाशुल्क खातं स्वतःचा जाहीर करतं तो. आयात-निर्यात कोड पाचशे रुपयांत, पॅनकार्डावर, घरबसल्या निघाला. सरकारी कामांत इतकं सुरळीत झालेलं मी दुसरं पाहिलेलं नाही.

घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, ‘चौतीस हजार भरून वर पेढे वाटतलंस?’ आईचं माहेर बांद्याकडचं. तिच्या वडिलांच्या काळात, म्हणजे १९ डिसेंबर १९६१पर्यंत, बांद्याच्या पलीकडे परदेश होता. गोव्याहून घड्याळ, पेन, कापड अंगावर घालून नाका ओलांडणं हे त्या पिढीला गुन्हा वाटत नसे, हुशारी वाटे. कस्टमचा शिपाई आणि गावची माणसं यांच्यातल्या लपंडावाच्या गोष्टी आम्ही लहानपणी भुतांच्या गोष्टींच्या जोडीने ऐकल्या. पुढे किनाऱ्यावर सोनं उतरायला लागलं तेव्हा त्या गोष्टींतली गंमत गेली, पण कर चुकवला म्हणजे बाजी मारली, ही भावना राहिली. मला कर भरायची हौस नाही. पण यंत्र माझ्या पोटापाण्याचं होतं, आणि ते वहिनीच्या पर्सीत आल्याचं दाखवून मी माझ्याच धंद्यात पाहुणा झालो असतो.

ऑर्डर गेली. मालवणातल्या घराचा पत्ता जर्मन फॉर्ममध्ये बसवताना ‘घर क्रमांक’ या चौकटीत काय लिहायचं हा प्रश्न आला. आम्ही आजवर ‘अमक्या मंदिरामागे’ यावर भागवलंय. शेवटी घरपट्टीच्या पावतीवरचा आकडा टाकला.

माल मुंबईला उतरला आणि कुरिअरकडून मेल आला. आधार, आयात कोड, जीएसटी क्रमांक, पैसे भरल्याचा बँकेचा पुरावा, त्यांना आमच्या वतीने कागद दाखल करायचा अधिकार देणारं पत्र, आणि यंत्राची माहितीपत्रिका. मी सगळं आधीच एका फोल्डरात ठेवलं होतं, कारण सीएंनी बजावलं होतं: गोदामात माल जितका पडेल तितकं भाडं. एक ओळ मी मोठ्या अक्षरांत लिहिली: व्यावसायिक वापर, वैयक्तिक नव्हे, ८४७१. तरी बिल ऑफ एंट्रीच्या, म्हणजे आयातीच्या कागदाच्या, पहिल्या मसुद्यात त्यांच्या माणसाने ९८०४च टाकलं होतं. त्याचाही दोष नाही, दिवसभर त्याच्या हातून तेच जात असणार. मी फोन केला, तो म्हणाला, ‘सर, पर्सनल समजलो, पत्ता घरचा आहे.’ मालवणात घर आणि ऑफिस यांच्यात एक जिना असतो, हे त्याला कसं सांगणार? जीएसटीच्या प्रमाणपत्रावर तोच पत्ता आहे, एवढं दाखवलं. मसुदा बदलला.

बिल ऑफ एंट्री पीडीएफमध्ये आलं. मी ते छापून घेतलं. दाटीवाटीचा, चौकटींनी भरलेला कागद. डावीकडे वस्तूचं वर्णन, तिचा आठ अंकी क्रमांक, मग निर्धारित मूल्य. पुढे रांगेने करांची खाती. मूळ शुल्क: शून्य. अधिभार: शून्य. बाकीच्या, नावंही न वाचलेल्या खात्यांत शून्य, शून्य. मग आयजीएसटीच्या खात्यात १८ आणि त्याच्यासमोर रक्कम. आमच्या आकड्यापेक्षा थोडी वर, कारण त्यांनी युरो आमच्याहून चढा धरला होता. कुरिअरने आमच्या वतीने पैसे भरले, त्याचं वेगळं शुल्क आणि त्या शुल्कावर पुन्हा जीएसटी लावला.

मुंबईहून पुढे कंपनीची गाडी येत नाही. इथल्या जोडीदार कुरिअरकडे देतात. घाट उतरून कुडाळ, तिथून मालवण. श्रावणातल्या सरींत पोराने खोकं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलं. खोक्यावर लिथियम बॅटरीचा लाल किनारीचा शिक्का, जळत्या बॅटरीचं चित्र आणि यूएन ३४८१ हा आकडा. पोरगा सहीसाठी मोबाइल पुढे करत म्हणाला, ‘ह्या काय आसा ओ? आग लागतली म्हणान लिवल्यानी.’ चार्जरची पिन युरोपातली, गोल. आमच्या भिंतीतल्या खाचेत ती लटपटते. केबल बाजारात सत्तर रुपयांना मिळाली.

क्रेडिट लगेच दिसलं नाही. कुरिअरने आलेल्या मालाची नोंद जीएसटीच्या २बी या विवरणात उमटायला वेळ लागला, आणि तोवर सीएंनी हात लावू दिला नाही. नोंद उमटली तेव्हा पुढच्या दोन बिलांच्या करातून ती रक्कम वळती झाली. यंत्रावरच्या घसाऱ्याचा दर ४० टक्के. कराचं क्रेडिट घेतलं की त्या रकमेवर घसारा मागायचा नसतो, हे त्यांनी बजावून सांगितलं, आणि मी ते वहीत लिहून ठेवलं.

त्या वर्षी अधिक श्रावण होता, त्यामुळे गणपती १९ सप्टेंबरला बसले. दादा-वहिनी मुंबईला उतरून तुतारी एक्स्प्रेसने आले. दादाने लॅपटॉप उलटासुलटा पाहिला, खालचे स्क्रू मोजले, कागद पाहायला मागितला आणि शून्यांच्या रांगेवर बोट फिरवत म्हणाला, ‘म्हणजे शेवटाक तुका काय पडला?’ मी आकडा सांगितला. त्याने मनातल्या मनात दुबईचा आकडा मांडला. थोडा गप्प बसला, मग म्हणाला, ‘पाच टक्के तरी थयसर पडतले होते.’

पुढच्या वर्षी धाकट्या पुतण्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि तोही माझ्याकडे आला. काका, मी पण जर्मनीहून मागवू का? त्याला धंदा नाही, जीएसटी नंबर नाही, क्रेडिट कशातूनच वळतं करायचं नाही; त्याचं खोकं थेट ९८०४मध्ये गेलं असतं. त्याला मी दादाचा नंबर दिला. म्हटलं, वहिनी यंदा पण येतेय, तिच्या पर्सीत जागा आहे का विचार. आणि बिल मात्र तिच्याच नावाने घे, विमानतळावर कुणी विचारलं तर तिला दाखवता आलं पाहिजे.